आधी पुसा, मग पुसा

३ मार्च, सोमवार

आज साहेबांनी नवं काम दिलं. देताना म्हणाले, "यावेळी तुमचं पान माणसं वाचणार नाहीत."

मी म्हटलं, "आधी तरी कोण वाचत होतं?"

ते हसले नाहीत. हसले तर शर्टाला सुरकुती पडेल. आख्खं ऑफिस त्यांना पाठीमागे 'इस्त्री' म्हणतं, आणि त्यात काही चूक नाही. संध्याकाळी सगळ्यांचे कपडे बोळा झालेले असतात, हा माणूस मात्र आत्ताच कपाटातून काढल्यासारखा.

तर काम असं. लोक घरबसल्या ज्यावर आपलं ऑनलाइन दुकान चालवतात ते सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते, आणि ते कसं वापरायचं हे लिहून काढणं हा माझा धंदा. आता दुकानदाराने स्वतः बटणं दाबायची नाहीत. एका एआय एजंटला साध्या भाषेत सांगायचं, की तो किमती बदलणार, फोटो लावणार, मालाची नोंद ठेवणार. प्रत्येक कामासाठी त्याच्या हातात एकेक टूल. कुठलं टूल कधी उचलायचं ते तो ठरवणार टूलचं पान वाचून. ते पान लिहायचं मी. पहिलंच पान पुसण्याच्या टूलचं: दुकानातली वस्तू कायमची काढून टाकायची असेल तर हे वापरावं.

आधी मला रागच आला. एवढी वर्षं माणसांसाठी लिहिलं आणि आता हे. पण बसमध्ये विचार करत आले. असा वाचक मला जन्मात मिळाला नव्हता. प्रत्येक शब्द वाचतो. मधलं गाळत नाही. आणि मी जे लिहीन त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. माझा नवरासुद्धा एवढा ठेवत नाही.

५ मार्च, बुधवार

हे टूल खारूताईने बांधलंय. ती आमची इंजिनिअर. दिवसभर शेंगदाणे, बदाम, काय मिळेल ते कुरतडत काम करते म्हणून खारूताई. वयाने माझ्याहून बरीच लहान, डोक्याने नाही. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मला येणारा एकच प्रश्न विचारत राहिले: मग काय होतं?

"वस्तू पुसली की ती जाते."

"मग काय होतं?"

"तिच्याखाली गिऱ्हाइकांनी लिहिलेलं सगळं जातं. दुकानदाराने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपा जातात. जुन्या ऑर्डरीत तिच्या नावाच्या जागी रिकामी ओळ दिसते."

"कुठे जातं?"

"कुठे नाही ताई. जातं."

"परत आणता येतं?"

तिने बदाम चावायचा थांबवला. "ते करायचं होतं. वेळ दिला नाही."

मी पान लिहिलं. त्यात दोन वाक्यं ठळक टाकली. 'पुसलेली वस्तू परत आणता येत नाही. पुसण्याआधी दुकानदाराला प्रत्येक वेळी विचारावे.' इस्त्रीसाहेबांनी वाचलं, मान हलवली.

रात्री जेवताना हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "त्यात एवढं काय लिहायचं? आमच्या आईच्या बोलण्यात पुसणं म्हणजे विचारणंच. आधी पुसा, मग पुसा. झालं तुझं पान."

एवढ्या मोठ्या पानाचा त्यांनी चार शब्दांत निकाल लावला. या घरात लिहिण्याचा धंदा मी करते, आणि वाक्यं त्यांना सुचतात.

११ मार्च, मंगळवार

आज डोकं फिरलंय, अक्षर वाईट येईल.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना टूल चालवून दाखवायचं होतं. बाई म्हणजे कंपनीच्या मुख्य. त्या खाली आल्या की लोक खुर्चीत सरळ होतात, म्हणून बहुधा त्या येतात. एजंटला एक नकली दुकान दिलं आणि सांगितलं, 'जुना माल काढून टाक.' एजंट थांबला. त्याने विचारलं: या वस्तू पुसल्या तर परत आणता येणार नाहीत, पुसू का? पुढच्या गटाला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही.

मला इतका आनंद झाला! अक्षर न् अक्षर वाचलं होतं पठ्ठ्याने.

बाई म्हणाल्या, "हा सारखा काय विचारतोय? दर पायरीला मालकाचा पदर ओढणारा नोकर कुणाला हवाय?"

त्या गेल्यावर इस्त्रीसाहेब माझ्या टेबलाशी आले. दोन वाक्यं काढायची. त्या जागी टाकायचं: 'न लागणाऱ्या वस्तू काढून दुकान स्वच्छ ठेवण्यासाठी वापरावे.'

"न लागणाऱ्या म्हणजे कुठल्या?" मी विचारलं.

"ज्या लागत नाहीत त्या."

"कुणाला?"

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मी म्हटलं, मी हे लिहिणार नाही. माझी बोटं लाकडाची झाली तरी लिहिणार नाही. ते म्हणाले, "मग मी बदलतो. माझ्या नावाने. पण तुमचा आक्षेप मला लेखी पाठवा. सविस्तर. मुद्दे सोडू नका."

पाहा डाव! माझ्याविरुद्ध कागद जमवतोय. वाटलं, जमव. मी पण असा आक्षेप लिहिला की वाचताना त्याच्या कॉलरला घाम फुटावा. काय काय पुसलं जाऊ शकतं, कुणाचं किती नुकसान होईल, सगळं. वर बाईंनाही पाठवला. साहेबांनी 'मिळाला' एवढंच उत्तर दिलं, तेही बाईंना प्रत पाठवून.

१२ मार्च

पान बदललं. 'स्वच्छ' हा शब्द मला आता घरातसुद्धा ऐकवत नाही.

२० मार्च, गुरुवार

टूल आज सगळ्या दुकानांना दिलं. टाळ्या झाल्या. खारूताईने वाजवल्या नाहीत, हातात बदाम होते म्हणाली. मी वाजवल्या नाहीत, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

झालं. जे व्हायचं होतं ते झालं, आणि 'बघा, मी सांगितलं होतं' म्हणायलाही तोंड उघडत नाही.

दुपारी मदतकक्षातून फोन आला. एक बाई कुणाचंच ऐकेनात, त्यांना पान लिहिणाऱ्याशीच बोलायचंय. मी म्हटलं, जोडून द्या.

"तुम्हीच का लिहिणाऱ्या?" आवाज खणखणीत. रडका अजिबात नाही. "माझं बटणांचं दुकान आहे. जुनी बटणं. शिंपल्यांची, शिंगांची, लाकडाची, पितळेची. एकासारखं दुसरं नाही."

मग या बटणवाल्या काकूंनी सगळं नीट सांगितलं. बटण विकलं तरी त्या त्याची नोंद काढत नाहीत. फोटो, कुठल्या कोटाचं, कुठून मिळालं, त्याचा जोडीदार कुणी विकत घेतला, सगळं लिहून ठेवतात. लोक फोटो पाठवतात की माझं हे बटण हरवलंय, असं कुठे मिळेल? काकू आपल्या नोंदीत शोधतात आणि सांगतात, याची तीन भावंडं अमक्या शिंप्याकडे आहेत, त्याला विचारा. दुकान कमी आणि हरवलेल्यांची चौकशी जास्त.

"परवा त्या तुमच्या एजंटला म्हटलं, दुकान जरा आवरून ठेव बाबा. तासाभराने म्हणतो, आवरलं. शिल्लक शून्य असलेल्या सगळ्या वस्तू काढल्या, कारण त्या न लागणाऱ्या होत्या. किती अदबीने सांगितलं हो! अख्खा जन्म साफ केला आणि वर विचारतो, आणखी काही सेवा?"

मी सॉरी म्हणायला लागले.

"सॉरी नको मला. विकलेलं म्हणजे न लागणारं, हे त्याला कुणी शिकवलं ते सांगा."

या फोनवर आमचं बोलणं ध्वनिमुद्रित होतं, हे मला माहीत होतं.

"आमच्या पानाने," मी म्हटलं.

पलीकडे मदतकक्षातल्या बाईला जोराचा खोकला आला.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळीच वर बोलावलं. बाई, साहेब, मी. वाटलं होतं, बाई म्हणतील वाक्यं परत घाला. तसंच म्हणाल्या. मी मनात म्हटलं, देव पावला.

मग म्हणाल्या, "आणि पानावर शेवटच्या बदलाची तारीख दिसते ना? ती पाच मार्च ठेवा. मधली नोंद काढून टाका. म्हणजे इशारा पहिल्यापासून होता असं दिसेल."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. म्हणजे बटणवाल्या काकूंना सांगायचं, आम्ही इशारा दिला होता, तुमच्या एजंटनेच वाचला नाही. खोटं माझ्या वाक्याच्या तोंडून वदवायचं. आणि ज्याने इमानेइतबारे शब्दन्शब्द पाळला, त्याला बेपर्वा ठरवायचं. त्याला जीव नसेल. पण म्हणून काय झालं?

"नाही," मी म्हटलं.

"हे पान कंपनीचं आहे, तुमचं नाही."

"वाक्य कंपनीचं असेल. तारीख कुणाच्या मालकीची नसते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "सोमवारपर्यंत करा. नाहीतर दुसरं कुणी करेल, आणि तुमचंही बघावं लागेल."

साहेब या सगळ्यात पँटची घडी निरखत होते. जिन्यात मात्र मला गाठलं. मला वाटलं, आता धमकी देणार. तर म्हणतात, "पान थेट प्रसिद्ध करायचे अधिकार अजून तुमच्याकडेच आहेत ना? ते काढायला हवेत. माझ्या लक्षात राहत नाही. सोमवारी दुपारी आठवण करा मला."

आता काय म्हणावं! ज्याचे अधिकार काढायचे त्यालाच आठवण करायला सांगतो. अशा माणसाला साहेब कुणी केलं?

२९ मार्च, शनिवार

नवरा घाबरलाय. तो दातांच्या कवळ्या बनवतो, सगळं आयुष्य दुसऱ्याच्या जबड्याशी जुळवून घेण्यात गेलंय. "जरा घासून घ्यावं लागतं," म्हणाला. "टोचलं की घासायचं. मग बसतं."

"मी दात नाहीये."

"तू अक्कलदाढ आहेस," सासूबाई आतून म्हणाल्या. "उशिरा आली, आडवी आली, आणि काढायला गेलं तर सगळ्यांचं तोंड सुजेल."

हे माझ्या बाजूने होतं की नाही, कळलं नाही. धरून चालते की होतं.

इथे कुणी वाचत नाही म्हणून खरं लिहिते. हे मी काकूंसाठी करतेय की माझं वाक्य काढलं म्हणून? त्या दिवशी एजंट थांबला तेव्हा मला जो आनंद झाला, तो दुकानदारांसाठी नव्हता. माझं कुणीतरी ऐकलं म्हणून होता. मग त्याला खोटं वाचायला लावलं, याचा राग येतोय की माझ्या जागी साहेबांचं वाक्य वाचलं, याचा? दोन्ही असेल. हेतू धुतल्या तांदळासारखा नसला तर माणसाने खोटी तारीख टाकावी का? नाही ना? मग पुढे चला.

नव्या पानाचं कच्चं लिहून टेबलावर ठेवलं होतं. नवऱ्याने वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला. "हे छापू नकोस," म्हणाला. मग थोड्या वेळाने: "आणि छापणारच असशील तर 'चूक झाली' असं कशाला? चूक आपोआप होते का? कुणी केली ते लिही."

मी 'चूक झाली' खोडून 'आम्ही चूक केली' लिहिलं. तो "मी तसं म्हणत नव्हतो" म्हणत चहा टाकायला गेला.

३१ मार्च, सोमवार

सकाळी ऑफिसात शिरले, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, आणि पान प्रसिद्ध केलं. अधिकार होतेच. पानावर आजची तारीख, आणि मजकूर असा:

'पुसलेली वस्तू परत आणता येत नाही. पुसण्याआधी दुकानदाराला प्रत्येक वेळी विचारावे. शिल्लक शून्य आहे म्हणून वस्तू न लागणारी समजू नये. आजपर्यंत या पानावर हा इशारा नव्हता. तो लिहिला होता, आम्ही काढला. ही चूक आम्ही केली. दुकानदारांनी नाही आणि एजंटनेही नाही.'

बटण दाबलं आणि मगच पर्स खाली ठेवली.

खारूताईने सगळ्यात आधी बघितलं. तिने बदामांची आख्खी डबी माझ्यासमोर ठेवली. तिच्या राज्यात याहून मोठा सन्मान नाही.

दुकानदारांचे निरोप यायला लागले. कुणी विचारत होतं, माझं काय गेलंय ते कसं कळेल? कुणी नुसतंच पान पुढे धाडत होतं. मग वरून बोलावणं आलं.

"आत्ताच्या आत्ता काढा ते," बाई म्हणाल्या.

मी उत्तर द्यायच्या आत साहेब बोलले, आपल्या त्या सपाट आवाजात. "काढता येईल. पण लोकांनी बघितलंय. आता काढलं तर काढलं हेही दिसेल. शिवाय त्यांचा अकरा तारखेचा आक्षेप आपल्या दोघांकडे पोचलाय. कुणी विचारलं तर मला 'मिळाला नाही' म्हणता येणार नाही. मी 'मिळाला' असं उत्तर देऊन बसलोय."

स्वतःची कातडी वाचवतोय, दुसरं काय. पण त्याच्या भित्रेपणाचा मला आज फायदा झाला. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही राजीनामा द्या. सन्मानाने जाल."

"मी देणार नाही."

"काय?"

"मला काढायचं असेल तर काढा, बाई. पण कारण लेखी द्या. कुणालातरी बसून ते वाक्य लिहावं लागेल. मला बघायचंय, ते कसं लिहितात."

दाराबाहेर आल्यावर दोन जिने उतरेपर्यंत कठडा सोडला नाही.

साहेब म्हणाले, "ते अधिकार काढायची आठवण करणार होतात तुम्ही."

मी म्हटलं, विसरले. ते म्हणाले, "असं होतं कधीकधी."

५ एप्रिल, शनिवार

अजून कारण आलेलं नाही.

खारूताईने आठवडाभर खणून काढलं आणि एक गोष्ट सापडली. वस्तूंच्या नोंदी गेल्या, पण फोटो वेगळ्या जागी साठवलेले असतात आणि ती जागा अजून झाडलेली नव्हती. काकूंचे सगळे फोटो मिळाले. टिपा मात्र गेल्या त्या गेल्या.

म्हणून आज काकूंकडे गेले. कुणी पाठवलं नव्हतं. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही होय? आवाजावरून उंच वाटला होता."

खोलीत भिंतभर खण, पुढे एक टेबल, खिडकीतून भरपूर ऊन. मी लॅपटॉप उघडून पहिला फोटो लावला. हिरवट, काठाला टवका गेलेलं बटण.

"हे माझ्या जाऊबाईंच्या कोटाचं," काकू लगेच म्हणाल्या. "जाऊ कजाग होती, कोट झकास होता. लिहा. कजाग नको लिहू. नाही, लिही. तिच्याशी भांडताना तुटलं होतं ते."

मी लिहिलं. पुढचा फोटो. पुढचा. काही त्यांना आठवत होतं, काहींपुढे त्या नुसत्या बसून राहत. एका पितळी बटणाशी फार वेळ थांबल्या.

"नाही आठवत," म्हणाल्या. "आठवायला हवं होतं. म्हणूनच लिहून ठेवलं होतं ना."

मी म्हटलं, "रिकामं ठेवू?"

"रिकामं कशाला? लिही, 'काकूंना आठवत नाही. ओळखीचं असेल त्याने सांगावं.'" आणि मग तोंडावरून हात फिरवून, "चल, पुढचं दाखव. बसलीस काय?"

त्या तुम्हीवरून तूवर कधी आल्या, हे निघेपर्यंत दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलंय. काम निम्मंही झालेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आजच्यासारखा दिवस माझ्या नोकरीत आला नाही आणि येणार नाही.

साहेब एक कागद घेऊन आले. चेहरा नेहमीसारखा कोरा. "वरून सांगितलंय. तुम्हाला काढण्याचं पत्र मलाच लिहायचंय. पण माझी भाषा तुम्हाला माहीत आहे. जरा तपासून द्याल?"

फाशीचा दोर फाशी जाणाऱ्याकडूनच वळून घेतोय हा माणूस! माणूस भोळा असावा, पण किती?

कागदावर लिहिलं होतं: 'कार्यशैली न जुळल्यामुळे सेवा समाप्त करण्यात येत आहे.'

"हे चालणार नाही," मी म्हटलं. आता भाषेचा प्रश्न आल्यावर मला राहवत नाही. "कुणाची कार्यशैली? कशाशी जुळली नाही? आणि 'करण्यात येत आहे' म्हणजे कोण करतंय? वाक्याला कर्ताच नाही."

"मग नीट करून द्या," ते म्हणाले आणि खिशातलं लाल पेन पुढे केलं.

मी केलं. 'पानावर खोटी तारीख टाकायला मी पानाच्या लेखिकेला सांगितले. त्यांनी नकार दिला आणि दुकानदारांना खरे काय ते कळवले. म्हणून मी त्यांना कामावरून काढत आहे.' खाली सहीसाठी रेघ ओढली आणि तिच्याखाली बाईंचं पद नीट लिहिलं.

साहेबांनी दोनदा वाचलं. "व्याकरण बरोबर आहे?"

"बिनचूक."

"मग टाइप करून सहीला वर नेतो."

आणि नेलं! खारूताई आणि मी जिन्याकडे बघत बसलो.

१० एप्रिल, गुरुवार

कागद खाली आला. सही नाही. साहेब म्हणाले, "बाई म्हणाल्या, तूर्त राहू द्या. हा फाईलला लावू का?"

"लावा," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात नाव घालून लावा."

मग त्यांनी पुढचं काम दिलं. किमती बदलण्याचं टूल, त्याचंही पान हवंय. हे टूल चुकलं तर काय काय होऊ शकतं ते सगळं लिहा म्हणाले, आणि कुणी कमी करायला सांगितलं तर तेही लेखी मागा. मी म्हटलं, ते मला तुम्ही शिकवू नका. ते म्हणाले, नाही शिकवत. जाताना पहिल्यांदाच दिसलं, शर्टाला मागे एक बारीक सुरकुती होती. दिवसभर अवघडून खुर्चीत बसल्यावर पडते तशी.

खारूताई म्हणाली, "ताई, तुम्हाला खरंच काही कळत नाही का?" मी विचारलं, काय कळत नाही? ती हसली आणि बदाम फोडायला लागली. आजकालच्या मुली अर्धं बोलून सोडून देतात.

कधीकधी मला साहेबांची दयाच येते. एवढी वर्षं नोकरी केली, एवढ्या मोठ्या जागेवर बसला, पण ऑफिसातलं राजकारण म्हणून या माणसाला काडीचं कळत नाही. मी नसते तर त्याचं इथे कसं झालं असतं कोण जाणे.